वायफायचा नकाशा कोण काढतो?

विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत आजकाल एक ओळ हमखास असते, 'संपूर्ण परिसर वायफाययुक्त'. संपूर्ण म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे कुणी विचारत नाही. प्रशासकीय इमारतीपासून व्यवस्थापनशास्त्र विभागापर्यंत, की मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीपर्यंत? माहितीपत्रक छापणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण तो त्या खोलीत राहत नाही.

प्रवेश, आरक्षण, शिष्यवृत्ती, स्वाधार, अनुशेष या प्रश्नांवर आपली चळवळ लढत आली आहे आणि लढलेच पाहिजे. पण विद्यापीठातले काही निर्णय असे असतात की ते मोर्चाच्या विषयपत्रिकेवर कधी येतच नाहीत. ते 'तांत्रिक' म्हणून बाजूला ठेवले जातात. कुलसचिव, एक-दोन प्राध्यापक, संगणक केंद्राचे प्रमुख आणि कंपनीचा प्रतिनिधी अशी चार-सहा माणसे एका खोलीत बसतात, नकाशावर टिंबे काढतात आणि कोट्यवधींचा खर्च ठरतो. त्या टिंबांवर पुढची पाच-सात वर्षे कोण शिकणार आणि कोण मागे पडणार, हेही ठरते. माझे म्हणणे सरळ आहे. विद्यापीठाचे इंटरनेटचे जाळे हा आजचा सार्वजनिक पाणवठा आहे आणि तो कुठे खोदायचा हे ठरते त्या बैठकीत आपण नसतो. निविदा निघाल्यावर निवेदन देऊन उपयोग नाही. नकाशा काढला जातो तेव्हाच आपण तिथे असलो पाहिजे.

कागदावर खुले असलेले तळे

महाडचा इतिहास आपल्याला पाठ असतो, पण त्यातला प्रशासकीय भाग आपण घाईत ओलांडून जातो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केले. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा ते तळे कागदोपत्री तीन वर्षे खुलेच होते. तरीही आपल्या माणसाला ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. सत्याग्रहानंतर त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले.

वायफाय आणि पाणी यांची बरोबरी करून महाडचे मोल मला कमी करायचे नाही. तिथे माणूस म्हणून उभे राहण्याचा प्रश्न होता. पण महाडने शिकवलेले दोन धडे प्रत्येक सार्वजनिक सोयीला लागू पडतात. पहिला धडा, 'सर्वांसाठी खुले' असे लिहिल्याने ते सर्वांपर्यंत पोचत नाही. दुसरा, प्रशासनाने मेहरबानी म्हणून दिलेले प्रशासन कधीही काढून घेऊ शकते. विद्यापीठाच्या वायफायकडे या दोन धड्यांतून पाहू.

पांढऱ्या डब्याचे राजकारण

छताला किंवा भिंतीला लावलेला छोटा पांढरा डबा तुम्ही पाहिला असेल. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. त्याच्या मागे केबल असते, केबल स्विचला जोडलेली असते, स्विच फायबरने मुख्य केंद्राला जोडलेला असतो आणि तिथून विद्यापीठ बाहेरच्या इंटरनेटला जोडलेले असते. या साखळीतली एक कडी अशक्त असली की पुढचे सगळे अशक्त. फोनवर वायफायच्या चारही रेघा दिसतात आणि पान उघडत नाही, तेव्हा डबा जवळ असतो पण मागची कडी कमजोर असते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका, 'पोच' आणि 'क्षमता'. सिग्नल कुठपर्यंत जातो ती पोच. एकाच वेळी किती जण कामाच्या वेगाने वापरू शकतात ती क्षमता. कंपन्या पोच दाखवतात. इमारतीचा रंगीत नकाशा काढतात, सगळीकडे हिरवा रंग दाखवतात आणि बिल मंजूर करून घेतात. ही पाहणी उन्हाळी सुट्टीत रिकाम्या वसतिगृहात केली तर सगळे हिरवेच दिसणार. खरी परीक्षा रात्री दहा वाजता असते, कारण तेव्हा सगळी मुले खोलीवर असतात.

हिशेब करून पाहू. समजा वसतिगृहात ३०० विद्यार्थी आहेत आणि त्यातले १०० एका वेळी व्याख्यानाचा व्हिडिओ पाहत आहेत. प्रत्येकाला साधारण दीड एमबीपीएस धरला तरी १५० एमबीपीएस लागतात. त्या वसतिगृहाला २० एमबीपीएसची जोडणी दिली असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ येतो. इतक्यात व्हिडिओ चालत नाही, फिरणारे चक्र तेवढे दिसते. कागदावर मात्र वसतिगृह 'वायफाययुक्त' असते.

आता त्याहून बारीक गोष्ट पाहा. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा सिग्नल भिंतीतून जास्त पार जातो, पण त्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. त्यामुळे तिथे गर्दी होते. ५ मध्ये वाहिन्या जास्त, वेग जास्त, पण भिंत आली की तो लवकर दमतो. महाग फोन आणि लॅपटॉप दोन्ही पट्ट्या पकडतात. जुने आणि अगदी स्वस्त फोन बऱ्याचदा फक्त २.४ पकडतात. शिवाय एका डब्यावरचे सगळे जण एकच वेळ वाटून घेतात. ज्याचा फोन हळू त्याला तेवढीच माहिती घ्यायला जास्त वेळ लागतो आणि बाकीच्यांना थांबावे लागते. म्हणून तंत्रज्ञ एक उपाय करतात. हळू वेगाच्या जोडण्या बंद करायच्या, काही ठिकाणी २.४ ची पट्टीच बंद करायची. जाळे लगेच वेगवान होते. अहवालात सरासरी वेग वाढलेला दिसतो.

तो वेग वाढला कसा? हळू फोनवाले बाहेर गेले म्हणून. ते फोन कुणाचे असतात हे मी सांगायला नको. थोरल्या भावाने वापरून दिलेला फोन, ऊसतोडीला गेलेल्या बापाने उचलीतून घेऊन दिलेला फोन. ही सेटिंग बदलणाऱ्या तंत्रज्ञाच्या मनात जात नसेल, त्याला आपण काय केले हे कळलेही नसेल. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला एवढे नक्की कळते, की विषमता टिकायला प्रत्येक वेळी दुष्ट माणूस लागत नाही. ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच नमुना मानून आखणी केली की विषमता आपोआप पुढे चालते. जाळ्याची आखणी सर्वांत महागड्या उपकरणासाठी करायची की सर्वांत स्वस्त, हा तांत्रिक प्रश्न नाही. तो समतेचा प्रश्न आहे.

वसतिगृहाचा नंबर शेवटी का?

बहुतेक आराखड्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी प्रशासन, मग विभाग आणि प्रयोगशाळा, मग ग्रंथालय, मग सभागृह आणि अतिथिगृह, आणि 'दुसऱ्या टप्प्यात' वसतिगृहे. दुसरा टप्पा म्हणजे काय, हे सरकारी काम पाहिलेल्या माणसाला माहीत असते. कारण असे दिले जाते की वर्गखोल्या शैक्षणिक आहेत आणि वसतिगृह निवासी आहे.

ही विभागणीच चुकीची आहे. ज्याच्या घरी अभ्यासाची खोली, टेबल, ब्रॉडबँड आणि शिकलेले आईबाप आहेत, त्याचा अभ्यास घरी होतो. विद्यापीठ त्याच्यासाठी तास ऐकायची जागा असते. ज्याच्या घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, त्याच्यासाठी वसतिगृह हीच अभ्यासिका आणि तेच घर. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनात महाविद्यालयाबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातून आलेल्या पोराला राहायला जागा नसेल तर महाविद्यालयाचे दार उघडे असून उपयोग नाही, हे त्यामागचे शहाणपण होते. आज तेच शहाणपण जाळ्याच्या आराखड्यात दिसायला हवे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट होतो. ग्रंथालयात रात्री दहापर्यंत चांगले वायफाय आहे म्हणून सांगतात, आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सात-आठला बंद होते. म्हणजे ती सोय त्यांच्यासाठी नाहीच. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फहीमा शिरीन खटल्यात दिलेला निकाल प्रत्येक कार्यकर्तीने माहीत करून घ्यावा. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ठरावीक तास मोबाइल वापरायला बंदी होती, ती मानली नाही म्हणून विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले गेले. इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे म्हणत न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितले.

आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. विद्यापीठ लाखो रुपये भरून ज्या संशोधन पत्रिका घेते, त्या बऱ्याचदा विद्यापीठाच्या जाळ्यातून आलेल्या माणसालाच उघडतात. परिसराबाहेर गेलात की पैसे मागतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले. चांगली गोष्ट आहे. पण ज्याला वसतिगृह मिळाले नाही, जो स्वाधारच्या पैशाची वाट पाहत गावकुसाबाहेरच्या वस्तीत भाड्याने राहतो, त्याला खोलीवरून या पत्रिका उघडता येतात का? बाहेरून प्रवेश करण्याची सोय असली तरी त्याचा पासवर्ड एम.ए. च्या विद्यार्थ्याला मिळतो, की फक्त प्राध्यापकांना आणि पीएच.डी. वाल्यांना? हे प्रश्न आपण विचारलेच पाहिजेत.

आणि विद्यापीठाच्या फाटकाबाहेर काय आहे? २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती-संपर्क तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानात विद्यापीठांना १ गिगाबिटची जोडणी देण्याचे धोरण होते, तर महाविद्यालयांना ५१२ केबीपीएसच्या काही जोडण्या. तंत्रज्ञान बदलले, आकडे बदलले, पण उतरंड तशीच राहिली. आपली बहुसंख्य मुले विद्यापीठाच्या परिसरात नसून तालुक्याच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. बाबासाहेबांनी जातीचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. जाळ्याचीही श्रेणी असते आणि तिच्या तळाशी कोण आहे हे पाहायला फार लांब जावे लागत नाही.

'आता सगळ्यांकडे फोन आहे'

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. डेटा स्वस्त झाला, खेड्यातही फोन आहे, मग वायफायचे रडगाणे कशाला?

याचा हिशेबही करू. एक एमबीपीएसने एक तास व्हिडिओ पाहिला तर साधारण ४५० एमबी जातात. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तीन तासांत संपला. त्यात फॉर्म, पीडीएफ, ओटीपी आणि घरच्यांचा व्हिडिओ कॉल आलाच. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. शिष्यवृत्ती सहा-सहा महिने रखडते तेव्हा पहिली कात्री रिचार्जवर लागते. आणि फोनवर रील पाहता येते, पण ऐंशी पानांचा प्रबंध लिहिता येत नाही, सांख्यिकीचे सॉफ्टवेअर चालत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, संगणक असलेली घरे ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरी भागात २३.४ टक्के होती. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के घरांत होती, शहरी भागात ४२ टक्के घरांत. त्यानंतर फोन पसरले हे खरे आहे, पण संगणकाचे काम फोन करत नाही.

हा आकडा पाहिल्यावर दोनच वर्षांनी टाळेबंदी लागली आणि वर्ग ऑनलाइन झाले. जून २०२० मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका दलित शाळकरी मुलीने जीव दिला. घरात स्मार्टफोन नव्हता, टीव्ही बंद होता, ऑनलाइन वर्गाला बसता येत नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयात गणित शिकणाऱ्या, तेलंगणातल्या गरीब घरच्या हुशार मुलीने तोच मार्ग धरला. लॅपटॉप नव्हता, शिष्यवृत्ती अडकली होती. या दोघींकडे बुद्धी होती. आखणी करणाऱ्यांच्या नकाशावर त्यांचे घर नव्हते.

शिकवण्याचे तंत्रज्ञान आणि शिक्षकाची जागा

इथे आपल्याच काही मित्रांचा आक्षेप येतो. ते म्हणतात, हे सगळे वरच्या वर्गाचे चोचले आहेत. आपल्याला स्मार्ट बोर्ड नको, शिक्षक हवेत. या आक्षेपात मोठे सत्य आहे आणि ते नीट मांडले पाहिजे.

तंत्रज्ञानाने शिक्षण खेड्यात पोचवण्याचे स्वप्न जुने आहे. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोग दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' दाखवत असे. उद्देश लहान गावांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांचा होता, कार्यक्रम मात्र मुख्यतः इंग्रजीत. ज्याच्यासाठी ते बनवले त्यालाच ते समजायला कठीण. २०१७ मध्ये 'स्वयम्' आले. त्यातही इंग्रजीचेच वजन जास्त. आता २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी 'स्वयम्'वरून करू शकतो.

याचा दुसरा अर्थ समजून घ्या. महाविद्यालयातली शिक्षकांची पदे कार्यभारावर मंजूर होतात. तास कमी झाले की कार्यभार कमी, कार्यभार कमी की पद नाही. पद नसले की बिंदुनामावलीत बसवायला काही उरत नाही. म्हणजे आरक्षणाच्या विरोधात एक शब्द न बोलता आरक्षित जागा नाहीशी करता येते. सेट-नेट, पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर राबणारी आपली किती तरी पोरे आहेत. त्यांच्या नोकरीच्या जागी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बसणार असेल तर त्या तंत्रज्ञानाचे स्वागत कसे करायचे?

पण म्हणून तंत्रज्ञानच नको म्हणणे म्हणजे मैदान मोकळे सोडणे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी तास पहिल्यांदा ऐकून कळत नाही. तोच तास रात्री पुन्हा ऐकता आला, थांबवता आला, खाली लिहून आलेली वाक्ये वाचता आली तर ती वर्गात मागे राहत नाही. सकाळी पेपर टाकून, दुपारी दुकानात काम करून शिकणाऱ्या मुलाचा चुकलेला तास त्याला परत मिळतो. अंध विद्यार्थ्याला नीट तयार केलेली फाइल वाचून दाखवता येते. हे फायदे खरे आहेत आणि त्यांची सर्वाधिक गरज आपल्याच लोकांना आहे. म्हणून आपली भूमिका अशी असावी: तंत्रज्ञान शिक्षकाच्या हातात द्या, शिक्षकाच्या जागी बसवू नका. एकही मंजूर पद ऑनलाइन अभ्यासक्रमामुळे कमी होणार नाही, ही अट आधी लिहून घ्या आणि मग स्मार्ट बोर्ड लावा.

तोडण्याचा अधिकार कुणाकडे?

महाडचा दुसरा धडा इथे येतो. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. मार्च २०१६ मध्ये कुलगुरू परतल्यावर हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात आंदोलन पेटले, पोलीस आत आले, विद्यार्थी आणि प्राध्यापकांना अटक झाली. त्या दिवसांत मेस बंद केली, पाणी तोडले, इंटरनेट तोडले, अशा विद्यार्थ्यांच्या तक्रारी देशभरच्या वर्तमानपत्रांत आल्या. यादी पाहा. जेवण, पाणी आणि तिसरे इंटरनेट. जानेवारी २०२३ मध्ये जेएनयूत माहितीपटाच्या प्रदर्शनाच्या वेळी वीज आणि इंटरनेट गेले, तेव्हाही विद्यार्थ्यांनी प्रशासनाकडेच बोट दाखवले.

ज्याच्या हातात जाळ्याची कळ आहे त्याच्या हातात आंदोलनाचा आवाज आहे. कुणी कधी लॉग-इन केले, काय पाहिले, याच्या नोंदीही त्याच्याकडेच असतात. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंदीचे आदेश जाहीर केले पाहिजेत आणि ते प्रमाणाबाहेर असता कामा नयेत, असे सांगितले. तो खटला काश्मीरमधल्या सरकारी बंदीचा होता, पण तत्त्व विद्यापीठालाही शोभणारे आहे. जाळे बंद करायचे तर लेखी आदेश, कारण, मुदत आणि सही हवी. तोंडी फोनवर कळ दाबता येणार नाही, असा नियम प्रत्येक विद्यापीठात झाला पाहिजे.

करायचे काय?

मित्रांनो, केवळ व्यवस्थेला दोष देऊन थांबलो तर पुढचा नकाशाही तेच लोक काढतील. काही कामे या सत्रापासूनच सुरू करता येतील.

१. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. इमारतवार ॲक्सेस पॉइंट किती, ते कधी बसवले, प्रत्येक वसतिगृहाला किती वेगाची जोडणी आहे, देखभालीच्या करारात बिघाड किती तासांत दुरुस्त करायचा आहे, आणि प्रशासकीय इमारतीसाठी व वसतिगृहासाठी हे तास सारखे आहेत का, एवढे विचारा. उत्तराचा तक्ता करून सूचनाफलकावर लावा.

२. स्वतः मोजा. सात दिवस, रोज रात्री दहा वाजता, प्रत्येक मजल्यावर तीन ठिकाणी वेग मोजायचे कुठलेही फुकट ॲप चालवा आणि वहीत लिहा. मोजताना वसतिगृहातला सर्वांत स्वस्त फोन वापरा. कंपनीच्या हिरव्या नकाशासमोर ही वही ठेवली की चर्चा बदलते.

३. निर्णयाच्या जागा ओळखा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ असते. आपल्या किती कार्यकर्त्यांना ते माहीत आहे? अधिसभेत अर्थसंकल्प मांडला जातो, तिथे नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. पदवी घेऊन वर्षानुवर्षे आपण पदवीधर म्हणून नोंदणीच करत नाही आणि मग अधिसभेत आपला माणूस का नाही म्हणून विचारतो. नोंदणी करा. अधिसभेत वसतिगृहाच्या जाळ्याचा प्रश्न विचारणारा सदस्य निवडून पाठवा.

४. निविदेआधी अटी द्या. वसतिगृहे आणि ग्रंथालय पहिल्या टप्प्यात. आखणी इमारतीमागे नको, विद्यार्थ्यामागे किती क्षमता हवी त्यावर करा. २.४ ची पट्टी वसतिगृहात बंद करायची नाही. वीज गेल्यावर जाळे चालू राहील अशी बॅटरी हवी. पाहणी मुले खोलीवर असताना, रात्री करायची.

५. शिकवण्याच्या साहित्याला अटी लावा. प्रत्येक रेकॉर्ड केलेल्या तासाची कमी आकाराची प्रत, नुसता आवाज असलेली प्रत आणि मराठी टिपणे उतरवून घेता आली पाहिजेत. पेन ड्राइव्हवर नेता आली पाहिजेत. मूडलसारखी फुकट मिळणारी मुक्त प्रणाली असताना दरवर्षी परवान्याचे पैसे का भरायचे, याचा हिशेब मागा. त्या पैशात ग्रंथालयातून पुस्तकासारखे लॅपटॉप सत्रभरासाठी देता येतील.

६. संलग्न महाविद्यालये सोडू नका. विद्यापीठाच्या पत्रिका आणि रेकॉर्ड केलेले तास तालुक्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला त्याच्या ओळखक्रमांकावर उघडले पाहिजेत.

यातले एकही काम करायला अभियंता लागत नाही. वही लागते, दहा रुपये लागतात, आणि 'हे तांत्रिक आहे, तुम्हाला कळणार नाही' असे सांगणाऱ्याच्या समोर बसून 'समजावून सांगा' म्हणण्याची हिंमत लागते. आपल्याला कळणार नाही, हे वाक्य आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके ऐकले आहे. वेद कळणार नाहीत, कायदा कळणार नाही, अर्थशास्त्र कळणार नाही. ज्या माणसाने रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि देशाच्या संविधानाचा मसुदा केला, त्याच्या लेकरांना एका पांढऱ्या डब्याचा हिशेब कळणार नाही, असे कुणी म्हणू नये आणि आपणही मानू नये.

तुमच्या विद्यापीठात पुढची निविदा निघण्याआधी माहिती अधिकाराचा तो एक अर्ज टाका. उत्तर आले की वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांसमोर वाचा. वाचून झाले की नकाशाची मागणी करा, आणि तो काढणाऱ्या टेबलावर आपली एक खुर्ची मागा.

जय भीम!